इंग्रजीतली समांतर रचना: साताऱ्याच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदर बझारात माझा इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग आहे. दहावी-बारावीची मुलं येतात, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी येतात, आणि अधूनमधून कुणीतरी नुसताच एक कागद घेऊन दारात उभं राहतं. "मॅडम, एवढं जरा बघता का?" अर्ज, बायोडाटा, होमस्टेचं माहितीपत्रक, एकदा तर कंदी पेढ्याच्या खोक्यावर छापायचा मजकूर. स्पेलिंग आता मोबाईल सांभाळतो. काळही बरे असतात. तरी वाक्य कुठेतरी लंगडत असतं, आणि बऱ्याचदा दुखणं एकच निघतं. त्या दुखण्याबद्दल मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा. ही चूक डोळ्याआधी कानाला कळते.

समांतर रचना म्हणजे नेमकं काय?

वाक्यात एकाच कामाला जुंपलेले दोन-तीन शब्द किंवा तुकडे असले, तर त्यांचा साचा एक ठेवायचा. "शी लाइक्स कुकिंग, सिंगिंग अँड टू पेंट" या वाक्यात पहिले दोघे 'इंग'वाले आहेत आणि तिसरा 'टू'चा हात धरून आला आहे. "कुकिंग, सिंगिंग अँड पेंटिंग" म्हणा, नाहीतर "टू कुक, टू सिंग अँड टू पेंट" म्हणा. दोन्ही चालतं, भेसळ चालत नाही. इंग्रजीत याला पॅरलल स्ट्रक्चर किंवा पॅरललिझम म्हणतात.

नाव परकं असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण घ्या. आपला-दुसऱ्याचं, तो-ते, बाब्या-कार्टं, सगळं कसं समोरासमोर बसलंय. एसटीचं ब्रीदवाक्य घ्या: "बहुजन हिताय, बहुजन सुखाय". त्याचं "बहुजन हिताय आणि लोकांना सुख मिळावं म्हणून" करून बघा. असलं वाक्य कुणी बोधचिन्हाखाली छापलं नसतं. तेव्हा कान आपल्याकडे आहेच, तो इंग्रजी लिहिताना बंद का होतो एवढंच बघायचं.

मग मराठी माणसाकडून ही चूक इतकी का होते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा थांबते. दोन कारणं आहेत.

पहिलं सोपं आहे. आपल्या एका 'पोहणे'ला इंग्रजीत दोन रूपं आहेत, "स्विमिंग" आणि "टू स्विम". मनात 'पोहणे, धावणे, वाचणे' अशी एकसारखी यादी असते, पण कागदावर उतरताना एकाला हे रूप मिळतं, दुसऱ्याला ते. मनातली यादी सरळच असल्यामुळे लिहिणाऱ्याला वाकडेपणा जाणवत नाही.

दुसरं कारण खोल आहे. "मी सातारा, कराड आणि वाईला जाऊन आले." इथे 'ला' एकच आहे, अगदी शेवटी. इंग्रजीत? "आय वेंट टू सातारा, कराड अँड वाई." 'टू'सुद्धा एकच, पण अगदी सुरुवातीला. मी वर्गात सांगते की मराठी घराची खुंटी मागच्या भिंतीला असते आणि इंग्रजी घराची दारातच. आपण यादी लिहीत जातो आणि बांधायचं काम शेवटावर ठेवतो, कारण मराठीत ते शेवटी जमतं. प्रत्यय शेवटी, शब्दयोगी अव्यय शेवटी, क्रियापद शेवटी. इंग्रजीत गाठ पहिल्याच शब्दाला मारून झालेली असते. तिसऱ्या पदापर्यंत पोचताना आपण ती विसरलेलो असतो आणि घाईघाईत नवी मारतो. त्यातून "टू सातारा, कराड अँड टू वाई" तयार होतं. 'टू' एकदाच घ्या किंवा तिन्ही वेळा घ्या. एकाला सोडून दोघांना दिला की पंगतीत वाढप चुकल्यासारखं दिसतं.

चांगला नमुना कुठे बघायला मिळेल?

घरात शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पानं उघडा. संविधानाची उद्देशिका तिथे असते. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी बाबासाहेब आंबेडकर आपल्या साताऱ्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. राज्यात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. मसुदा समितीचे पुढे तेच अध्यक्ष झाले. म्हणून आमच्या वर्गात समांतर रचनेचा धडा उद्देशिकेवरूनच होतो.

इंग्रजीत ती म्हणते, "लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप". पाच नामं आणि एकच 'ऑफ', तोही दारात. मराठीत तीच ओळ "विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य" अशी आहे. पाचही नामं आधी येतात आणि 'यांचे' मागाहून येऊन सगळ्यांना बांधतं. खुंटीचा फरक यापेक्षा स्वच्छ मला दाखवता येत नाही.

पुढच्या ओळीत गंमत आहे. "इक्वॉलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी." इथे 'ऑफ' दोनदा आलाय. वर पाच जणांत एक आणि इथे दोघांना दोन, असं का? नियम मोडलेला नाही. एकदाच घेतला तरी समांतर, प्रत्येकाला दिला तरी समांतर. दोनदा दिल्यामुळे दर्जा वेगळा आणि संधी वेगळी, हे ठसतं. मराठीतही "दर्जाची व संधीची समानता" असं प्रत्ययासकट दोनदाच आहे.

आणि शेवट बघा: "ॲडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज धिस कॉन्स्टिट्यूशन". तीन क्रियापदं, तिघांचं कर्म एकच. मध्येच कुणी 'गिव्हिंग' घातलं असतं तर सगळा डोलारा कलला असता. अख्खी उद्देशिका एकच वाक्य आहे. एवढ्या लांबीचं वाक्य न अडखळता वाचता येतं ते या बांधणीमुळेच.

आपल्या लेखनातली चूक पकडायची कशी?

शिडी काढा. यादी ज्या शब्दानंतर सुरू होते तिथपर्यंतचा भाग वर लिहा, प्रत्येक पद त्याच्याखाली वेगळ्या ओळीवर लिहा, आणि वरचा भाग प्रत्येक पदाला जोडून वाचा.

कासच्या वाटेवर होमस्टे चालवणारे एक काका माहितीपत्रक घेऊन आले होते. म्हणाले, "मॅडम, वाचताना कायतरी टोचतंय, पण चूक सापडंना झालीय." पहिलं वाक्य होतं, "अवर होमस्टे इज क्लीन, पीसफुल अँड वी सर्व्ह होममेड फूड." शिडी अशी झाली:

अवर होमस्टे इज
– क्लीन
– पीसफुल
– वी सर्व्ह होममेड फूड

तिसरी पायरी मी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावली. "अवर होमस्टे इज वी सर्व्ह..." इथवर आले आणि हसायला लागले. "आता घावलं!" दुरुस्ती अशी: "अवर होमस्टे इज क्लीन अँड पीसफुल, अँड वी सर्व्ह होममेड फूड." म्हणजे दोन विशेषणांची यादी तिच्या स्वतःच्या 'अँड'नं बंद करायची आणि मग नवं वाक्य जोडायचं. एका वाक्यात दोनदा 'अँड' लिहायला मुलं बिचकतात. बिचकू नका. पहिला 'अँड' यादीचा आहे, दुसरा वाक्याचा.

दुसरं वाक्य: "गेस्ट्स कॅन वॉक टू द प्लॅटो, वॉचिंग द सनसेट अँड टू ईट पिठलं-भाकरी." 'कॅन'नंतर नुसतं मूळ क्रियापद लागतं, त्यामुळे "वॉक, वॉच अँड ईट".

तिसरं जरा अवघड होतं. २०१२ साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि त्यात कासही आहे, हे काकांना सांगायचंच होतं. त्यांनी लिहिलं होतं, "कास इज नोन फॉर इट्स फ्लॉवर्स, इट्स लेक अँड बिकॉज इट इज इन युनेस्को." 'नोन फॉर'च्या खुंटीला नाम अडकतं, 'बिकॉज'चं वाक्य अडकत नाही. म्हणून "फॉर इट्स फ्लॉवर्स, इट्स लेक अँड इट्स प्लेस ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट" असं केलं. पिठलं-भाकरीचं इंग्रजी करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेवढं राहू द्या.

'इंग' घ्यायचं की 'टू'?

तुमच्या आवडीवर नाही, आधीच्या क्रियापदावर आहे. 'एंजॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' यांना 'इंग' लागतं. 'वाँट', 'डिसाइड', 'होप' यांना 'टू' लागतं. 'लाइक', 'बिगिन', 'स्टार्ट' यांना दोन्ही चालतात, म्हणून घोळ जास्त करून यांच्यापाशीच होतो. 'स्टॉप'जवळ सावध राहा. "ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी" म्हणजे त्यानं चहा सोडला. "ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी" म्हणजे तो चहा प्यायला थांबला. साचा जुळवण्याच्या नादात कुणाचा चहा सोडवू नका.

बायोडाट्यात याचा काय संबंध? तिथे तर वाक्यंच नसतात.

उलट तिथेच जास्त संबंध आहे. ठिपके देऊन केलेली यादी म्हणजे उघडी शिडी, वेडीवाकडी पायरी लांबूनही दिसते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन वर्षं हिशेब बघितलेली मुलगी आली होती. तिच्या कामाच्या अनुभवाखाली चार ओळी होत्या: "रिस्पॉन्सिबल फॉर जीएसटी रिटर्न्स", "आय मेंटेन्ड डेली कॅश बुक", "हँडलिंग व्हेंडर पेमेंट्स", "गुड नॉलेज ऑफ टॅली". चार ओळी, चार तऱ्हा.

ती नोकरी तिनं सोडली होती, म्हणून सगळं भूतकाळी क्रियापदानं सुरू केलं: "फाइल्ड जीएसटी रिटर्न्स", "मेंटेन्ड द डेली कॅश बुक", "हँडल्ड व्हेंडर पेमेंट्स". बायोडाट्यात 'आय' गाळायची पद्धत आहे, तो गेला. चौथी ओळ मात्र कशीही वळवली तरी बसेना. बसणारच नव्हती, कारण टॅली येणं हे काम नाही, कौशल्य आहे. ती 'स्किल्स'च्या मथळ्याखाली गेली. हे मला या रचनेचं खरं काम वाटतं. एखादं पद साच्यात बसायला नकार देतं तेव्हा बहुतेक वेळा ते चुकीच्या यादीत आलेलं असतं. "वी सेल पेन्स, नोटबुक्स, स्टेशनरी अँड मॅप्स" या पाटीतही तेच. रूपं सगळी जुळतात, पण पेन आणि वही ही स्टेशनरीच की!

आणखी एक. "रिस्पॉन्सिबल फॉर" काढल्यावर तिनं विचारलं, "पण मॅडम, ते भारदस्त वाटत होतं ना?" भारदस्त वाटतं खरं, पण त्यातून जबाबदारी होती एवढंच कळतं, काम केलं का ते कळत नाही. 'फाइल्ड' म्हटलं की केलं.

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' कुठे घालायचं ते कळत नाही.

याला आपल्याकडे फुकटची किल्ली आहे. मराठीतले 'च' आणि 'ही' ज्या शब्दाला चिकटतात, त्या शब्दाच्या अगदी आधी 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' बसतात.

"ती इंग्रजीच नाही तर मराठीही शिकवते." 'च' इंग्रजीला आहे, 'ही' मराठीला. म्हणून "शी टीचेस नॉट ओन्ली इंग्लिश बट ऑल्सो मराठी". मुलं लिहितात, "शी नॉट ओन्ली टीचेस इंग्लिश बट ऑल्सो मराठी". तिथे 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद आलं आणि 'बट ऑल्सो'पुढे नाम. काटा एका बाजूला झुकला.

आता "ती इंग्रजी शिकवतेच, शिवाय नाटकात कामही करते" हे घ्या. इथे 'च' क्रियापदाला आहे आणि दुसऱ्या बाजूलाही अख्खी क्रिया आहे. मग "शी नॉट ओन्ली टीचेस इंग्लिश बट ऑल्सो ॲक्ट्स इन प्लेज" बरोबर. मराठी वाक्य आधी मनात नीट म्हणा, 'च' कुठे पडतोय ते ऐका. इंग्रजी बोलताना मराठीतून विचार करू नका असं सगळीकडे सांगतात. या एका ठिकाणी बिनधास्त करा.

'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' यांचंही असंच का?

हो. जोडीतल्या पहिल्या शब्दापुढे जे येतं, त्याच जातीचं दुसऱ्यापुढे हवं. "आयदर पे इन कॅश ऑर यूपीआय" अशी पाटी असेल तर "पे आयदर इन कॅश ऑर बाय यूपीआय" करा. 'इन' आणि 'बाय' वेगळे असले तरी बिघडत नाही, दोन्हीकडे शब्दयोगी अव्यय आणि नाम अशी जोडी आहे ना, मग झालं.

तुलना करताना माझं वाक्य चूक ठरवलं. "द क्लायमेट ऑफ सातारा इज बेटर दॅन पुणे" यात काय चुकलं?

साताऱ्याच्या हवेची तुलना पुणे नावाच्या अख्ख्या शहराशी झाली. "साताऱ्याचं हवामान पुण्यापेक्षा चांगलं" हे आपण रोज म्हणतो, ऐकणारा समजून घेतो, आणि पुणेकर सोडून कुणाची तक्रार नसते. लिखित इंग्रजी एवढं समजून घेत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल लागतो. "दॅन दॅट ऑफ पुणे" करा. किंवा वाक्यच फिरवा: "सातारा हॅज अ बेटर क्लायमेट दॅन पुणे". आता दोन्हीकडे शहरं आली. बोलताना हे दुसरं जास्त सहज वाटतं. अनेकवचनात 'दॅट'चं 'दोज' होतं: "द रोड्स ऑफ अवर व्हिलेज आर नॅरोअर दॅन दोज ऑफ द टाउन".

'प्रिफर' इथेच उरकून घेऊ. "आय प्रिफर टू वॉक दॅन ड्रायव्हिंग" नको. "आय प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग" घ्या.

"ही हॅज नॉट अँड विल नॉट अक्सेप्ट द ऑफर" यात चूक आहे म्हणतात, मला दिसत नाही.

शिडी काढा. "विल नॉट अक्सेप्ट" ठीक आहे. "हॅज नॉट अक्सेप्ट"? तिथे 'अक्सेप्टेड' लागतं. एकाच क्रियापदावर दोघांचा संसार चालत नाही. मराठीत आपण "स्वीकारलीही नाही आणि स्वीकारणारही नाही" असं दोनदा म्हणतोच. इंग्रजीतही दोनदा म्हणा: "ही हॅज नॉट अक्सेप्टेड अँड विल नॉट अक्सेप्ट द ऑफर". शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. "शी इज इंटरेस्टेड अँड गुड ॲट मॅथ्स" यात 'इंटरेस्टेड'चा 'इन' गिळला गेलाय. "इंटरेस्टेड इन अँड गुड ॲट मॅथ्स" हवं.

'अ', 'ॲन', 'द' प्रत्येक नामाआधी लावायचे का?

सगळ्यांना लावा किंवा पहिल्यालाच लावा. यादीत 'अ' आणि 'ॲन' दोन्ही लागणार असतील तर प्रत्येकाला लावलेलं बरं: "अ पेन, ॲन इरेझर अँड अ रूलर".

शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यायचा का?

दोन्ही पद्धती चालतात. एक धरा, लेखभर तीच ठेवा.

लांब वाक्यात मी हमखास अडकतो. तिथे काय करू?

खुंटी पुन्हा दाखवा. सोसायटीची सूचना समजा अशी आहे: "द कमिटी अनाउन्स्ड दॅट द टँक विल बी क्लीन्ड ऑन ट्यूजडे अँड रेसिडेंट्स शुड स्टोअर वॉटर." पाणी साठवा ही घोषणा समितीची, की लिहिणाऱ्याचा सल्ला? 'अँड'नंतर दुसरा 'दॅट' घाला, "अँड दॅट रेसिडेंट्स शुड स्टोअर वॉटर", आणि शंका मिटली. उद्देशिकेत हेच केलंय. "टू कॉन्स्टिट्यूट" नंतर बरंच काही येतं, मग "अँड टू सिक्युअर" म्हणून 'टू' परत दिसतो. न्याय, स्वातंत्र्य, समानता अशी मोठी यादी झाल्यावर "अँड टू प्रमोट" म्हणून तो तिसऱ्यांदा येतो. हा 'टू' भरतीचा नाही, वाचणाऱ्याचा हात धरून त्याला परत दारापाशी आणायला तो आहे. छोट्या यादीत खुंटी एकदा पुरते, लांब यादीत ती पुन्हा दाखवावी लागते. किती लांबीला, याचा नियम नाही. मोठ्यानं वाचताना मागे बघावंसं वाटलं की ती जागा आली.

ही व्याकरणाची चूक आहे की शैलीची?

कुठे ही, कुठे ती. "अवर होमस्टे इज वी सर्व्ह" ही सरळसरळ चूक आहे. "आय लाइक स्विमिंग अँड टू रन" हे ओबडधोबड आहे, पण अर्थ पोचतो, इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही बोलताना असं बोलून जातात. स्पर्धा परीक्षेत मात्र चूक शोधायच्या प्रश्नात ते चूकच धरायचं. परीक्षेत 'अँड', 'ऑर', 'बट', 'दॅन' दिसले की आधी त्यांच्या दोन्ही बाजू ताडून बघा. बाकीचं नंतर.

म्हणजे सगळं नेहमी एकसारखंच हवं?

नाही, आणि इथे काही क्लासवाले उगाच धाक घालतात. काम सारखं असलं की रूप थोडं वेगळं चालतं. "ही स्पोक क्लिअरली अँड विदाउट फिअर" यात एक क्रियाविशेषण आहे, एक शब्दसमूह आहे. दोन्ही तो कसा बोलला तेच सांगतात. उत्तम वाक्य आहे.

काळाचंही तसंच. "शी वॉज बॉर्न इन कराड, लिव्ह्ज इन सातारा अँड विल मूव्ह टू पुणे नेक्स्ट जून." तीन क्रियापदं, तीन काळ, चूक शून्य, कारण गोष्टी खरोखरच तीन काळांतल्या आहेत. एका मुलानं साचा जुळवायचा म्हणून तिन्ही भूतकाळात घातले आणि त्या बाईला पुण्याला पोचवून टाकलं.

आणि प्रत्येक वाक्याला तिहेरी ताल देत बसू नका. दोनच मुद्दे असतील तर दोनच लिहा. यादी साजरी दिसावी म्हणून तिसरा शोधून आणला की तो भरतीचा आहे हे लगेच कळतं. मुलाखतीत "आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड पंक्च्युअल" ऐकून ऐकून समोरच्यांचे कान किटलेले असतात. व्याकरण निर्दोष आहे हो, पण त्यातून काही कळत नाही.

यादीत आधी काय आणि शेवटी काय?

काळाचा क्रम असेल तर तो पाळा. नसेल तर लांब पद शेवटी ठेवा, जिभेला बरं पडतं. "ब्रेकफास्ट, डिनर अँड अ गाइडेड वॉक टू द लेक" म्हणून बघा, मग उलटं म्हणून बघा.

मोबाईल हे सगळं दुरुस्त करत नाही का?

'इंग' आणि 'टू'ची भेसळ बऱ्याचदा पकडतो. पण टॅलीची ओळ कामाच्या यादीत नको, हे तो सांगेलच असं नाही, आणि 'नॉट ओन्ली' कुठे हवा हे तुमच्या मनातल्या 'च'वर ठरतं. तो 'च' मोबाईलला ऐकू येत नाही.

मॅडम, तुमची कधी चुकते का?

चुकते, आणि एकदा तर हजार प्रतींत चुकली. वर्ग सुरू केला तेव्हा पत्रकं छापून घेतली होती. मोठ्या अक्षरात "लर्न टू स्पीक, राइट अँड रीडिंग". प्रूफ मीच तपासलं होतं, छापखान्यावर ढकलायलाही जागा नाही. पत्रकं राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत वाटून झाली. चौथ्या दिवशी आठवीतली एक मुलगी आईबरोबर चौकशीला आली. आई फी विचारत होती. मुलीनं पत्रक टेबलावर सरळ केलं, 'रीडिंग'वर बोट ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली.

उरलेल्या प्रतींवर मी पेनानं 'इंग' खोडत बसले. वर्गात पहिलं नाव त्याच मुलीचं लागलं.

सरावाला काही वाक्यं द्या ना.

घ्या. आधी स्वतः शिडी काढा, मग उत्तर बघा.

"माय फादर इज अ फार्मर, अ बीकीपर अँड रन्स अ शॉप." उत्तर: "अ फार्मर, अ बीकीपर अँड अ शॉपकीपर". किंवा "माय फादर इज अ फार्मर अँड अ बीकीपर, अँड ही रन्स अ शॉप".

"द बस वॉज लेट, क्राउडेड अँड इट हॅड नो लाइट्स." उत्तर: "द बस वॉज लेट अँड क्राउडेड, अँड इट हॅड नो लाइट्स".

"शी बोथ स्पीक्स मराठी अँड कन्नड." उत्तर: "शी स्पीक्स बोथ मराठी अँड कन्नड".

"द मँगोज इन धिस शॉप आर चीपर दॅन द मार्केट." उत्तर: "दॅन दोज इन द मार्केट".

"बिफोर यू लीव्ह, स्विच ऑफ द फॅन, क्लोज द विंडोज अँड द की शुड बी गिव्हन ॲट द ऑफिस." हे मी सोडवत नाही. होमस्टेवाल्या काकांनी खोलीच्या दाराला लावायला लिहून आणलं होतं, आणि शिडी काढून त्यांचं त्यांनीच सोडवलं.